नभोवाणीपासून घरच्या संगणकापर्यंत

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानावरून)



चिटणीस साहेबांनी पत्रात दोन अटी घातल्या होत्या. विषय विज्ञानाचा असावा आणि मुलांना झोप येऊ नये. तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे या दोन अटी एकाच वेळी पाळणे किती कठीण आहे, हे मी जाणतो. म्हणून मी गोष्टीपासूनच सुरुवात करणार आहे.

गेल्या शतकात तीन नवलाच्या गोष्टी पाठोपाठ घडल्या. आकाशातल्या प्रवासाच्या कल्पित कथा आधी रेडिओवरून आणि मग टेलिव्हिजनवरून लोकांच्या घरात शिरल्या. त्या कथा ऐकत असतानाच माणूस खरोखर आकाशात गेला. आणि त्याला तिकडे नेणाऱ्या यंत्राचे धाकटे भावंड, म्हणजे संगणक, आपल्या घरातल्या टेबलावर येऊन बसले. हा इतिहास सांगताना बहुधा चार-पाच मोठी नावे घेतात, आर्मस्ट्राँग, गागारिन वगैरे. ती आपणांस पाठ आहेत. मी आज दुसरी माणसे सांगणार आहे. या कामाजवळ त्यांना कोणी मानाने बोलावले नव्हते, परंतु त्यांना हात लावू दिला गेला आणि काम त्यांच्या हातून झाले.

रेडिओपासून सुरू करतो. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री अमेरिकेतल्या सीबीएस केंद्रावरून एक नाटक झाले. एच. जी. वेल्स यांची मंगळावरच्या स्वारीची कादंबरी १८९८ साली पुस्तकरूपाने आली होती. तिच्यावरून ते बसवले होते ऑर्सन वेल्स या तेवीस वर्षांच्या तरुणाने. युक्ती अशी की, नाटक नाटकासारखे सुरू होतच नाही. नाचाचे संगीत चालू असते, ते मध्येच तोडून बातमीदार सांगतो की न्यू जर्सीत काहीतरी पडले आहे. पुन्हा संगीत. पुन्हा बातमी. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी लिहिले की, सारा देश घाबरून रस्त्यावर आला. आपण अजूनही हे असेच ऐकतो. परंतु पुढे अभ्यासकांनी तपासले तेव्हा दिसले की काही लोक घाबरले हे खरे, बाकी बराचसा गोंधळ वर्तमानपत्रांच्याच रकान्यांत झाला होता. त्या वेळी बहुतेक श्रोते दुसऱ्या केंद्रावरचा विनोदी कार्यक्रम ऐकत होते. रेडिओमुळे छापील बातमीचे गिऱ्हाईक कमी होत चालले होते, ही गोष्टही लक्षात ठेवावी. मुलांनो, भयंकर बातमी वाचली की ती कोण विकतो आहे हे आधी पाहावे.

आता विलायतेत चलू. बीबीसीमध्ये चार्ल्स चिल्टन नावाचे एक गृहस्थ होते. वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले, आजीने वाढवले. शाळा लहानपणीच सुटली आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी ते बीबीसीत लागले ते निरोप्या म्हणून. या खोलीतला कागद त्या खोलीत न्यायचा, एवढेच काम. परंतु त्या इमारतीत ग्रामोफोन तबकड्यांचा मोठा संग्रह होता, तेथे मुलगा रमला, शिकला, आणि हळूहळू कार्यक्रम करू लागला. याच माणसाने सप्टेंबर १९५३ मध्ये ‘जर्नी इंटू स्पेस’ ही नभोनाट्यमाला सुरू केली. पहिली कथा चंद्रावरच्या सफरीची, आणि ती घडते १९६५ साली. प्रत्यक्षात माणूस चंद्रावर उतरला १९६९ मध्ये. शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाचा हिशोब चार वर्षांनी चुकला. त्या काळातल्या कित्येक विद्वानांचा त्याहून अधिक चुकला होता. संध्याकाळच्या वेळी टेलिव्हिजनपेक्षा अधिक श्रोते मिळवणारा ब्रिटनमधला शेवटचा रेडिओ कार्यक्रम म्हणून या मालेचा उल्लेख होतो.

नंतर चारच वर्षांनी, ४ ऑक्टोबर १९५७ रोजी, रशियाने स्पुटनिक सोडला. ५८ सेंटिमीटर व्यासाचा, सुमारे ८४ किलो वजनाचा एक चकचकीत गोळा. त्याच्यात होते काय? एक रेडिओ, आणि तो बीप बीप करत असे. तो आवाज ऐकण्यास सरकारी केंद्राची गरज नव्हती. हौशी माणसाच्या घरचा लघुलहरींचा रेडिओही पुरत असे. गोष्टीतले आकाश आजवर केंद्रावरून येत होते, आता आकाशच थेट बोलू लागले.

येथे मला आपणांस एका शाळेत न्यावयाचे आहे. इंग्लंडच्या मध्यभागी केटरिंग नावाचे लहानसे शहर आहे. तेथल्या ग्रामर स्कूलमध्ये जेफ्री पेरी नावाचे भौतिकशास्त्राचे शिक्षक होते आणि त्यांचे रसायनशास्त्राचे सहकारी डेरेक स्लेटर. १९६० च्या सुमारास या दोघांनी शाळेतच रशियन उपग्रहांचे संदेश ऐकण्यास सुरुवात केली. साधन म्हणजे एक साधा रिसीव्हर, एक तार, घड्याळ आणि वही. मुलांना बरोबर घेतले. उपग्रह किती वाजता ऐकू आला आणि किती वाजता बंद झाला, एवढे लिहून ठेवायचे.

यातून काय कळणार, असे आपल्याला वाटेल. एस.टी. आपल्याकडे येत असताना तिचा हॉर्न जरा बारीक ऐकू येतो आणि पुढे निघून गेली की जाड होतो, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. उपग्रहाच्या रेडिओचेही तसेच होते. सूर कोणत्या क्षणी उतरला ते टिपले की उपग्रह त्या क्षणी आपल्याला सर्वांत जवळ होता हे कळते. असा उपग्रह साधारण दीड तासात पृथ्वीची फेरी करतो. तेवढ्या वेळात पृथ्वी आपल्याभोवती साडेबावीस अंश वळलेली असते. म्हणून पुढच्या फेरीला त्याची वाट तेवढी पश्चिमेकडे सरकलेली दिसते. दोन-चार दिवसांच्या नोंदी मिळाल्या की त्याचा मार्ग नकाशावर काढता येतो, आणि मार्ग काढता आला की उलटे मोजत मागेही जाता येते, अगदी तो जमिनीवरून सुटला त्या फेरीपर्यंत. त्याला आठवी-नववीचे गणित आणि बैठक लागते. गणित बहुतेकांना येते. बैठकीचे मी बोलत नाही.

१७ मार्च १९६६ रोजी रशियाने कॉसमॉस ११२ सोडला. केटरिंगच्या वहीत तो नेहमीच्या जागी बसेना. विषुववृत्ताशी त्याच्या मार्गाचा कोन निराळा होता. रशियन उपग्रह ज्या ठिकाणाहून सुटतात असे जग समजत होते, तेथून हा सुटलेला दिसत नव्हता. पेरी यांनी घाई केली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात कॉसमॉस १२९ गेला. त्याचाही मार्ग काढला. दोन्ही रेघा मागे नेल्या तेव्हा त्या मॉस्कोच्या उत्तरेला, अर्खांगेल्स्ककडच्या जंगलाच्या मुलखात प्लेसेत्स्क या ठिकाणापाशी एकमेकींना छेदत होत्या. नोव्हेंबरात हे जाहीर झाले आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत शाळेचे नाव छापून आले. अमेरिकी हेरखात्याला हा तळ आधीच ठाऊक होता, परंतु ते बोलत नव्हते. रशियाने तर १९८३ पर्यंत कबूलच केले नाही. जगाला सांगितले ते एका शाळेने, वही आणि पेन्सिल घेऊन. त्या शाळेला कोणी वेधशाळेचा दर्जा दिला नव्हता, कोणते अनुदानही नव्हते. शिक्षकांनी रिसीव्हर मुलांच्या हाती दिला, इतकेच झाले.

आता पुन्हा कथेकडे वळतो, कारण याच काळात लंडनमध्ये एक नवी कथा जन्मत होती आणि तिच्यात आपल्या लखनौचा एक मुलगा आहे.

बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन हे कॅनडाहून आलेले होते. शनिवारच्या संध्याकाळी मुलांनी आणि मोठ्यांनी एकत्र पाहावी अशी काळातून प्रवास करणारी एक मालिका त्यांना हवी होती. जुन्या मंडळींना ती पोरकट वाटली. हाती कोणी घेईना, तेव्हा न्यूमन यांनी निर्मातीच्या जागेवर व्हेरिटी लँबर्ट या सत्तावीस वर्षांच्या बाईंना नेमले. आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शन आले चोवीस वर्षांच्या वारिस हुसेन यांच्याकडे.

वारिस हुसेन यांचा जन्म १९३८ मध्ये लखनौला झाला. त्यांच्या आई अतिया हुसेन. अवधच्या तालुकदार घराण्यांतून पदवीधर झालेल्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. १९३३ साली त्या पदवीधर झाल्या. फाळणीच्या सुमारास कुटुंब विलायतेला गेले. तेथे या बाई बीबीसीच्या पूर्वेकडच्या श्रोत्यांसाठीच्या विभागात बोलत, लिहीत; १९६१ साली आलेली त्यांची कादंबरी आजही वाचली जाते. म्हणजे घरात नभोवाणी आधी आईने आणली. मुलगा केंब्रिजला शिकला आणि बीबीसीत दिग्दर्शक झाला. १९६३ सालच्या लंडनमधला तो स्टुडिओ आपण डोळ्यांसमोर आणा. सगळे कॅमेरेवाले, दिवेवाले मध्यमवयीन गोरे पुरुष. त्यांना हुकूम देणार एक तरुण स्त्री आणि एक तरुण हिंदुस्थानी. जागा मिळाली होती लाइम ग्रोव्ह इमारतीतली जुनी, अडचणीची. पहिला भाग चित्रित झाला तो न्यूमन यांना पसंत पडला नाही. दोघांना घरी पाठवण्याऐवजी त्यांनी तोच भाग पुन्हा करावयास सांगितले. साहेबाने दुसरी संधी देणे ही गोष्ट तिकडेही रोज घडत नाही.

२३ नोव्हेंबर १९६३ रोजी ‘डॉक्टर हू’चा पहिला भाग दाखवला गेला. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा खून झाला होता. कथा पाहण्याच्या मनःस्थितीत कोण असणार? म्हणून पुढच्या शनिवारी पहिला भाग पुन्हा दाखवून मग दुसरा लावला. त्यानंतर ही मालिका दशकानुदशके चालली, मध्ये बंद पडली, पुन्हा सुरू झाली. हुसेन यांनी पुढच्या वर्षी मार्को पोलोवरची सात भागांची कथाही केली. तिचे बहुतेक भाग त्यांच्या दिग्दर्शनाखाली झाले. त्यातला एकही भाग आज चित्ररूपाने हाती नाही. त्या काळी चित्रफीत महाग होती, जुने कार्यक्रम पुसून तिच्यावर नवे घेत. मात्र त्या कथेचा आवाज शिल्लक आहे, आणि तो बीबीसीने जपला म्हणून नव्हे. काही प्रेक्षक घरी टेलिव्हिजनपुढे टेपरेकॉर्डर ठेवून बसत असत, त्यांच्या फितींवर तो राहिला. सरकारी दप्तरापेक्षा घरातली पेटी कधीकधी अधिक भरवशाची असते.

या मालिकेच्या सुरुवातीच्या संगीताविषयी दोन शब्द बोलल्यावाचून पुढे जाववत नाही. सूर लिहिले रॉन ग्रेनर यांनी, पण ते वाजवले कोणत्याही वाद्यवृंदाने नाही. बीबीसीच्या रेडिओफोनिक कार्यशाळेत डेलिया डर्बिशायर नावाच्या बाई होत्या. केंब्रिजला गणित आणि संगीत शिकलेल्या. एका नामांकित रेकॉर्ड कंपनीने त्यांना साफ सांगितले होते की आम्ही ध्वनिमुद्रणाच्या कामावर बायका घेत नाही. या बाईंनी एका तारेचा टणत्कार आणि चाचणीच्या यंत्रांतून निघणारे कोरे सूर फितीवर घेतले. फितीचा वेग कमीजास्त करून एकेक स्वर तयार केला. मग एकेका स्वराचा तुकडा ब्लेडने कापायचा, मोजायचा आणि पुढच्याला चिकटवायचा. संगणक नव्हता, सिंथेसायझर नव्हता. लांबी इंचांत मोजली म्हणजे ताल सांभाळला जातो, एवढे गणित पक्के होते. ग्रेनर यांनी ऐकले तेव्हा हे खरेच मी लिहिले का, असे त्यांनी विचारले म्हणतात. मानधनातला अर्धा वाटा बाईंना मिळावा अशी त्यांची इच्छा होती. कार्यालयाच्या नियमात ते बसले नाही. नियम कोणत्याही देशाचे असोत, न देण्याच्या बाबतीत ते चोख असतात.

आता चंद्राकडे जाऊ. हिंदुस्थानच्या घड्याळाने २१ जुलै १९६९ च्या पहाटे पावणेदोनच्या सुमारास ‘ईगल’ चंद्रावर टेकले आणि आर्मस्ट्राँग खाली उतरले ते सकाळी साडेआठच्या आधी चार मिनिटे. त्या वेळी आपल्या देशात टेलिव्हिजन होता तो फक्त दिल्लीस. मुंबईस तो आला १९७२ मध्ये. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. आमच्या गावात शिंप्याच्या दुकानातल्या ट्रान्झिस्टरभोवती जमून आम्ही ती बातमी ऐकली. रेडिओवरून ऐकलेल्या चंद्राला चित्र नव्हते, ते ज्याने त्याने आपापले काढले.

त्या यानात एक संगणक होता. वजन सुमारे ३२ किलो. त्याची कायमची स्मृती सुमारे ३६ हजार शब्दांची आणि चालू कामाची स्मृती अवघी २,०४८ शब्दांची. आज आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये एक फोटो त्याहून अधिक जागा खातो. ही कायमची स्मृती अक्षरशः विणलेली होती. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम येथे कारखान्यातल्या बायका बारीक चुंबकी कड्यांतून तांब्याची तार ओवत. तार कडीतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. एक टाका चुकला तर आज्ञा चुकली. सुईदोऱ्याच्या कामाला आपल्याकडे शिक्षण म्हणत नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

त्या विणकामात जी आज्ञावली भरली, ती लिहिणाऱ्या तुकडीच्या प्रमुख मार्गारेट हॅमिल्टन होत्या. त्यांना एक लहान मुलगी होती. रात्री-रविवारी कामावर जावे लागे तेव्हा त्या मुलीला बरोबर नेत. एकदा मुलगी तेथे ठेवलेल्या नकली यानाच्या कळा दाबत खेळत होती. उड्डाण चालू असताना, उड्डाणापूर्वी लावावयाचा कार्यक्रम तिने लावला आणि सगळे कोलमडले. आई रागावली नाही. तिने वरिष्ठांना सांगितले की ही चूक होऊ शकते, तर आपण आज्ञावलीत अडसर घालू. उत्तर आले की अंतराळवीर कसून शिकलेले असतात, ते अशी चूक करणार नाहीत. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ चंद्राकडून परतत असताना जिम लॉव्हेल यांनी हीच चूक केली. यानाची दिशा सांगणारी माहिती पुसली गेली आणि ती पुन्हा बसवावी लागली. लॉव्हेल हे उत्तम वैमानिक होते, त्यांना मी नावे ठेवीत नाही. मला सांगावयाचे आहे ते पोरीचे. पोरीने कळा दाबल्या नसत्या, तर ती फट आधी दिसलीच नसती.

चंद्रावर उतरतानाही त्या संगणकाने धोक्याचा इशारा दिला, १२०२ असा आकडा दाखवून. काम डोईजड झाले आहे, असा त्याचा अर्थ. परत फिरावे की उतरावे? निर्णयाला काही सेकंदच होते. ह्यूस्टनला जॅक गार्मन नावाचा चोवीस वर्षांचा मुलगा बसला होता. उड्डाणाआधीच्या सरावात अशाच इशाऱ्याने सगळे गडबडले होते, म्हणून सगळे आकडे आणि त्यांचे अर्थ स्वतःच्या हाताने एका कागदावर लिहून काढण्याचे काम त्याला दिले होते. तो कागद त्याच्यापुढे होता. त्याने पाहिले आणि सांगितले, पुढे जा. विद्यार्थ्यांनो, परीक्षेत असा कागद जवळ बाळगल्यास पर्यवेक्षक काय करतील ते मला विचारू नका; परंतु लिहून काढल्याने लक्षात राहते हे खरे.

संगणक घरात आला तो यानंतर सहा वर्षांनी. जानेवारी १९७५ मध्ये अमेरिकेतल्या एका मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० या यंत्राचे चित्र आले. सुटे भाग घरी मागवून जोडायचे. ना पडदा, ना टंकफलक, नुसती बटणे आणि दिवे. १९७७ पासून जोडलेली यंत्रे दुकानात मिळू लागली. परंतु सामान्य माणसाच्या ऐपतीत तो आणला ब्रिटनच्या क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी. १९८१ सालचा त्यांचा झेडएक्स ८१ सत्तर पौंडांच्या आत मिळे. स्वतः जोडला तर पन्नासच्या आत. स्मृती एक किलोबाइट. पडदा म्हणून घरचाच टेलिव्हिजन आणि साठवणीस घरचाच कॅसेट रेकॉर्डर.

आणि येथे नभोवाणी पुन्हा येते. लोकांना संगणक शिकवला पाहिजे, असे बीबीसीने ठरवले आणि कार्यक्रमाबरोबर शिकण्यासाठी एक यंत्रही असावे, असा बेत केला. केंब्रिजची अ‍ॅकॉर्न ही छोटी कंपनी ते काम मिळवण्यास धावली. नमुना एका आठवड्यात तयार करावयाचा होता. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर या दोघांनी हे शक्य नाही असे सांगितले. मालक हर्मन हाउझर यांनी प्रत्येकाला वेगवेगळे गाठून, दुसरा तर हो म्हणतो आहे, असे सांगितले. आठवड्याअखेरीस यंत्र चालले. बीबीसीला वाटले होते की बारा हजार खपतील. खपली दहा लाखांहून अधिक. जानेवारी १९८२ मध्ये टेलिव्हिजनवरची शिकवणी सुरू झाली. त्याच विल्सन आणि फर्बर यांनी पुढे १९८५ मध्ये एआरएम ही चिप घडवली. आज आपल्या जवळजवळ प्रत्येक मोबाइलचा मेंदू त्याच घराण्यातला आहे.

त्या काळात हॉलंडच्या रेडिओने एक गंमत केली. कॅसेटवर संगणकाचा कार्यक्रम साठवतात तो आवाजाच्याच रूपात. तो वाजवला तर कानठळ्या बसवणारी किरकिर ऐकू येते. मग ती किरकिर रेडिओवरूनच का पाठवू नये? हॉलंडच्या ‘हॉबीस्कूप’ या कार्यक्रमातून ती प्रक्षेपित होऊ लागली. लोक घरी रेकॉर्ड करत आणि ती कॅसेट संगणकाला लावत. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना समजेल अशी एक सामाईक बोलीही त्यांनी केली, बेसिकोड नावाची. १९८४ मध्ये बीबीसीनेही ते करून पाहिले. रेडिओने आधी चंद्राची गोष्ट सांगितली, मग चंद्राची बातमी दिली, आणि आता तो यंत्रांशी यंत्रांच्या भाषेत बोलत होता. मधला माणूस फक्त कॅसेट फिरवत होता.

त्याच वर्षी केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी, डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांनी, बीबीसीच्या त्या संगणकासाठी ‘एलिट’ हा अवकाशप्रवासाचा खेळ लिहिला. ३२ किलोबाइटच्या यंत्रात आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह. एवढे ग्रह ठेवले कोठे? ठेवलेच नाहीत. एका आकड्यापासून ठराविक रीतीने दुसरा आकडा काढत जायचे आणि त्यावरून ग्रहाचे नाव, जागा, व्यापार सगळे त्या क्षणी घडवायचे. साठवण्यापेक्षा रीत शिकणे स्वस्त पडते.

१९८४ हे वर्ष आपल्यालाही आठवते. ३ एप्रिल रोजी राकेश शर्मा अंतराळात गेले. आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने शाळांत संगणक शिकवण्याची ‘क्लास’ योजना काढली. सुरुवातीला देशभरातल्या अडीचशे शाळा निवडल्या आणि त्यांना यंत्रे दिली ती हीच, अ‍ॅकॉर्नची, बीबीसीच्या नावाची. आतापर्यंत जे सांगितले ते सगळे विलायत-अमेरिकेतले होते. आता जे सांगतो ते माझे आहे.

मी त्या वेळी ज्या शाळेत नोकरीस होतो तेथे ही यंत्रे आली. शाळेचे नाव सांगत नाही. मला प्रशिक्षणास पाठवले आणि परत आल्यावर खोलीची जबाबदारी माझ्यावर सोपवली. खिडक्यांना पडदे लावले, दाराबाहेर चपला काढण्याचा नियम केला, यंत्रांवर कापडी खोळी शिवून घेतल्या. किल्ली माझ्याकडे असे. यंत्र बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस मुंबईहून येणार, खर्चाचा खुलासा मला द्यावा लागणार. म्हणून मी ठरवले की मुलांनी लांबून पाहावे आणि कळ मी दाबावी. फळ्यावर कार्यक्रम लिहून दिला, त्यांनी वहीत उतरवून घेतला. निरीक्षक आले, त्यांनी खोली पाहिली, शेरा चांगला दिला.

आठवीतली एक मुलगी रोज मधल्या सुट्टीत दाराशी येऊन उभी राहत असे. एक दिवस तिने धीर करून विचारले, “सर, चूक केली तर ते काय म्हणतं, एवढंच मला बघायचंय.” मी तिला सांगितले की योजना वरच्या वर्गांसाठी आहे, तू पुढे गेलीस की बघू. ती दहावीनंतर शिकली नाही, असे मागाहून कळले. मी तिला खोलीत घेतले असते तर ती शिकती, असे मी म्हणत नाही, घरच्या अडचणी मला ठाऊक नाहीत. परंतु तिचा प्रश्न योग्य होता. चूक केल्यावर यंत्र काय म्हणते, हाच त्या यंत्राचा पहिला धडा असतो, आणि मी तो माझ्या मुलांना कधी दिला नाही. केटरिंगच्या पेरी मास्तरांविषयी मी पुष्कळ नंतर वाचले. ते वाचताना मला फार वेळ ती मधली सुट्टी आठवत राहिली.

मी बदली होऊन गेलो, किल्ली दुसऱ्यांकडे गेली. पुष्कळ वर्षांनी त्या शाळेत एका समारंभाला गेलो असता अडगळीच्या खोलीत ती यंत्रे दिसली. शिपायाने खोळ काढून दाखवली. एका यंत्राला वीज लावून पाहिली, तर आतून धूर आला. परंतु कळांवरची अक्षरे जशी पेटीतून काढली त्या दिवशी होती तशीच होती. एकही झिजलेली नव्हती.

आपल्या संस्थेने या वर्षी नवी संगणक-खोली उघडली आहे, असे मुख्याध्यापिका बाईंनी सांगितले. कार्यक्रमानंतर ती मला पाहावयाची आहे. आणि जमल्यास मधल्या सुट्टीत पाहावयाची आहे.